इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास आणि आपलें लेखन

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पुष्कळ पालक आपल्या पाल्यांस घेऊन आमचा सल्ला विचारावयास येतात. शास्त्र, वाणिज्य, तंत्रविद्या यांविषयीं त्यांनीं बरीच चौकशी केलेली असते. परंतु एखाद्या मुलीनें किंवा मुलानें "मला इंग्रजी वाङ्मय शिकावयाचें आहे, मला लिहावयाचें आहे" असें म्हटलें, कीं वडील मंडळी चिंतेंत पडतात. त्यानें पोट भरेल काय, आणि तेंच करावयाचें तर पुण्या-मुंबईस जावयास नको काय, हे त्यांचे दोन प्रश्न असतात. त्यांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम आमची स्वतःची एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें स्वतः लिहिलेल्या गोष्टींची वही आम्हांस दाखविली. "हीं मोठ्या शहरांतल्या मुलांचीं कामें, तूं आपला गणिताकडे लक्ष दे," असें सांगून आम्हीं ती परत केली. पुढें तो नोकरीस लागल्यावर भेटावयास आला. वहीची आठवण काढतांच तो नुसता हसला आणि दुसऱ्या गोष्टी बोलूं लागला. तें हसणें आम्हांस अद्याप टोंचतें.

शिक्षणासाठीं दूर जाणें हें आपल्या जिल्ह्याच्या नशिबीं पूर्वीं खरोखरच होतें. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू असे. त्यामुळें येथील मराठी मुलास तेथें घरीं न बोलल्या जाणाऱ्या भाषेंत शिकावें लागे. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर, येथें मराठवाडा विद्यापीठ निघालें. १९९४ मध्यें त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव मिळालें, आणि २००४ पासून त्याचा उपपरिसर धाराशिव येथेंच आहे. बी. ए. झाल्यावर इंग्रजी विषयाची एम. ए. ची दोन वर्षें तेथें घरची भाकरी खाऊन पुरीं करतां येतात.

या विषयांत काव्य, नाटक, कादंबरी, समीक्षा, भाषाशास्त्र आणि भारतीयांनीं इंग्रजींत केलेलें लेखन यांचा अभ्यास असतो. बाजारांतील मार्गदर्शिका पाठ करून परीक्षा पार पडेल, परंतु तो अभ्यास नव्हे. लेखकानें हाच शब्द कां योजिला, हें पात्र येथें गप्प कां राहिलें, असे प्रश्न मूळ ग्रंथास विचारीत जाणें म्हणजे वाङ्मयाचा अभ्यास.

इंग्रजी शिकल्यानें मराठी सुटेल अशी भीति कांहीं पालकांस वाटते. ती निराधार आहे. बा. सी. मर्ढेकर, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे तिघेही इंग्रजीचे प्राध्यापक होते. नेमाड्यांनीं तर आपल्या मराठवाडा विद्यापीठांतही अध्यापन केलें. करंदीकरांनीं शेक्सपियरचा 'राजा लिअर' मराठींत आणला. त्यांस २००३ चा आणि नेमाड्यांस २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तो मराठी लेखनासाठींच. परक्या भाषेचें बारीक वाचन केल्यावर आपल्या भाषेंतले आपण सहज बोलतों ते शब्दही माणूस नव्यानें ऐकूं लागतो.

आतां सर्जनशील लेखनाविषयीं. तें शिकवितां येतें काय? प्रतिभा कोणी देऊं शकत नाहीं. परंतु लिहिलेलें पुन्हां तपासून सुधारणें निश्चित शिकवितां येतें. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत १९३६ पासून याची कार्यशाळा चालते. रीत साधी आहे. एकानें आपलें लेखन आगाऊ वाटावयाचें, इतरांनीं वाचून कोठें अडखळलों तें सांगावयाचें, आणि लेखकानें त्या वेळीं वाद न घालतां ऐकून घ्यावयाचें. इंग्लंडांत नॉर्विच येथील नव्या विद्यापीठानें १९७० मध्यें असा वर्ग काढला, तेव्हां पहिल्या वर्षीं स्वतःचें लेखन सादर करणारा विद्यार्थी एकच होता. तो म्हणजे पुढें कादंबरीकार म्हणून नांवाजलेला इयन मॅक्युअन. त्याच वर्गांतून १९८० मध्यें बाहेर पडलेल्या काझुओ इशिगुरो यांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. विद्यार्थी थोडे असले म्हणजे शिक्षकास प्रत्येकाचें पान वाचावयास वेळ मिळतो. लहान ठिकाणाचा हा मोठा लाभ आहे.

एक उदाहरण देतों. आपले विद्यार्थी निबंधांत लिहितात, "यंदा भयंकर दुष्काळ पडला व लोकांचे अतोनात हाल झाले." यांत खोटें कांहींच नाहीं, पण दिसतही कांहीं नाहीं. आईनें किती घागरी पाणी कोठून आणलें? दावणीचा बैल बाजारास नेला, त्या दिवशीं वडील जेवले काय? एवढें लिहिलें तर "भयंकर" हा शब्द लागतच नाहीं. अशी सामग्री आपल्या जिल्ह्यांतील मुलांपाशीं विपुल आहे.

उणीवाही सांगितल्या पाहिजेत. लहान ठिकाणीं ग्रंथसंग्रह बेताचा असतो व लेखकांच्या भेटी क्वचित् घडतात. परंतु आपल्या देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याच्या ग्रंथांवरील हक्क संपतो. त्यामुळें जुने इंग्रजी ग्रंथ आज मोबाईलवरही विनामूल्य वाचतां येतात. आणि जानेवारी २०२० मध्यें त्र्याण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखालीं याच गांवीं भरलें होतें, हेंही विसरूं नये.

पोटाविषयीं स्पष्ट बोलतों. केवळ लेखनावर संसार चालेल असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. बी. एड्. केल्यास माध्यमिक शाळेंत, आणि एम. ए. नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयांत अध्यापनाची पात्रता येते. जागा मोजक्या व स्पर्धा मोठी आहे. भाषांतर, वृत्तपत्र आणि प्रकाशन या वाटाही आहेत, पण त्या सावकाश चालावयाच्या आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांनीं आजच तीन-चार मित्रमैत्रिणी जमवून, दर शनिवारीं एकेकाचें एक पान वाचून तपासावें. पालकांस एवढीच विनंति, कीं "नको" म्हणण्यापूर्वीं मुलाच्या वहींतील एक पान स्वतः वाचावें; वाचतां येत नसल्यास त्याच्याकडून वाचून घ्यावें. आम्हीं त्या दिवशीं तेवढें केलें नाहीं.