युद्धानंतरची खेड्यातील शाळा : मोझांबिकचा अनुभव

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोझांबिक हा देश गोव्याप्रमाणेच दीर्घकाळ पोर्तुगीज अमलाखाली होता. १९७५ साली तो स्वतंत्र झाला. परंतु १९७७ पासून तेथे यादवी युद्ध पेटले व ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे तह होईपर्यंत ते शमले नाही. या युद्धात खेड्यातील शाळा बंडखोरांच्या रोषास विशेषत्वाने बळी पडल्या. दूरच्या गावात शासनाची खूण म्हणावी अशी वास्तू बहुधा शाळाच असावयाची. शाळा जाळल्या गेल्या; शिक्षकांना पळवून नेण्यात आले, कित्येकांस ठारही मारण्यात आले.

तहानंतरच्या चार वर्षांत सहा शेजारी देशांतून सुमारे १७ लक्ष निर्वासित परतले. त्यांपैकी १० लक्षांहून अधिक एकट्या मलावीतून आले. पुष्कळ कुटुंबांनी वाहनांची वाट न पाहता आपापल्या सोयीने गाव गाठले. त्यांच्यामागून मुले आली, आणि शाळेचा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न प्रथमतः इमारतीचा नव्हता. झाडाची सावली व कुडाचा आडोसा एवढ्यावरही वर्ग भरू शकतो. परंतु त्या झाडाखालची भूमी निर्धोक आहे काय? वाटा, पडीक शेते व मोडकी घरे यांच्या आसपास भूसुरुंग पेरलेले होते. म्हणून मळलेली वाट सोडू नये, अनोळखी वस्तूस हात लावू नये, हा धडा मुळाक्षरांइतकाच आवश्यक ठरला. संपूर्ण देश सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर होण्यास २०१५ साल उजाडले.

वयाची अडचण निराळीच. शाळेचे तोंड न पाहिलेला थोराड मुलगा सहा वर्षांच्या बालकांशेजारी बसतो, तेव्हा त्यास लाज वाटते व तो शाळा सोडू पाहतो. अशा मुलाकडे मागच्या इयत्तेचा दाखला मागणे व्यर्थ होय. त्यास चार ओळी वाचावयास द्याव्यात, दोन उदाहरणे घालावीत आणि त्यावरून इयत्ता ठरवावी, हेच सयुक्तिक.

सर्वांत बिकट प्रश्न भाषेचा. शाळेचे माध्यम पोर्तुगीज, आणि खेड्यातील बहुसंख्य मुलांच्या घरी ती भाषा बोलली जात नसे. तेते प्रांतातील पुष्कळ मुलांची बोली न्यांजा. सीमेपलीकडे मलावीतही तीच चालते. म्हणजे परमुलखात जी भाषा सर्वत्र कानी पडे, तिला स्वदेशाच्या वर्गात मात्र थारा नव्हता! १९९३ ते १९९७ या काळात तेते प्रांतात न्यांजा व गाझा प्रांतात शांगाना या भाषांतून आरंभीचे शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. प्रथम मातृभाषेतून वाचन-लेखन व क्रमाक्रमाने पोर्तुगीज, अशी ती योजना होती. पुढे या शतकाच्या आरंभी द्विभाषिक शिक्षणास तेथील अभ्यासक्रमात स्थान मिळाले; मात्र त्या भाषांतील पुस्तके खेड्यापर्यंत पोहोचण्यास फार विलंब लागला, आणि तोवर शिक्षकास फळा व खडू यांवरच भिस्त ठेवावी लागली.