कणीस किती, शिवार किती

छायाचित्रात कोणती वस्तू स्पष्ट उमटावी हे फोकस ठरवतो. त्या वस्तूच्या अलीकडचे आणि पलीकडचे किती अंतर तिच्याबरोबर स्पष्ट राहावे हे मात्र मुख्यत्वे अ‍ॅपर्चरवर अवलंबून असते, आणि नवशिक्या छायाचित्रकाराचे चित्र बहुधा या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच फसते. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगामधले, पातळ पात्यांनी लहानमोठे करता येणारे प्रकाशछिद्र. आणि फोकसच्या पुढेमागे डोळ्याला स्पष्ट वाटणारा जो पट्टा चित्रात मिळतो, त्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’, म्हणजेच स्पष्टतेची खोली, असे म्हणतात.

छिद्राचे माप ‘एफ’ या अक्षरापुढील आकड्याने सांगितले जाते आणि पहिला गोंधळ तिथेच होतो, कारण आकडा वाढला की छिद्र लहान होते. हा आकडा वस्तुतः भाजक आहे : भिंगाच्या नाभीय अंतराला त्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. म्हणून ५० मिलिमीटरच्या भिंगावर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचे, तर एफ/८ म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटरचे छिद्र होय. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमातील प्रत्येक पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. एक स्टॉप पुढे गेले की व्यास सुमारे १.४ पटींनी घटतो, क्षेत्रफळ निम्मे होते आणि आत येणारा प्रकाशही निम्म्यावर येतो.

लहान छिद्राने खोली का वाढते, याचे उत्तर प्रकाशाच्या शंकूत आहे. वस्तूच्या एखाद्या बिंदूपासून निघालेले किरण भिंगातून शंकूच्या आकाराने एकत्र येतात. शंकूचे टोक नेमके सेन्सरवर आले तर ठिपका उमटतो, टोक अलीकडे किंवा पलीकडे पडले तर ठिपक्याऐवजी चकती उमटते. छिद्र रुंद असेल तर शंकूही रुंद, आणि म्हणून चकती मोठी व धूसर. छिद्र अरुंद असेल तर तीच चकती इतकी लहान राहते की डोळा तिला ठिपकाच समजतो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरसाठी ही मर्यादा सर्वसाधारणपणे ०.०३ मिलिमीटर धरली जाते. त्या हिशेबाने ५० मिलिमीटरच्या भिंगाने ३ मीटरवर फोकस केल्यास एफ/२ वर सुमारे ४३ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट मिळतो, एफ/८ वर तो १.९ मीटरच्या आसपास जातो आणि एफ/१६ वर ५ मीटरच्या पुढे.

वस्तू जवळ आली की मात्र ही खोली झपाट्याने आटते, आणि परभणीच्या शिवारात याचा प्रत्यय लगेच येतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचे वाण मोत्यासारख्या टपोऱ्या, चमकदार दाण्यांसाठी ओळखले जाते. त्याचे कणीस अर्ध्या मीटरवरून एफ/२ ने टिपले तर जेमतेम एका सेंटीमीटरची खोली मिळते, त्यामुळे पुढचे चार दाणे लखलखतात आणि त्याच कणसाची कड पुसट होते. एफ/८ वर हीच खोली सुमारे ४ सेंटीमीटर होते, समोरची सारी बाजू दाण्यादाण्याने उमटते आणि मागचा बांध तरीही मऊच राहतो. पार्श्वभूमी जितकी पुसट तितके चित्र कलात्मक, हा आज रूढ झालेला समज इथे टिकत नाही; ज्या कणसामागची काळी जमीन ओळखूच येत नाही, ते कणीस कोणत्याही मुलखातले असू शकते.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील यादवकालीन मंदिरांच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही. तिथल्या कोरीव स्तंभांची नोंद म्हणून काढलेल्या छायाचित्रात पुढचा खांब आणि मागची भिंत, दोन्ही वाचता आली पाहिजेत, आणि त्यासाठी एफ/८ ते एफ/११ हाच योग्य टप्पा होय. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते : एफ/२.८ वरून एफ/८ वर येताना तीन स्टॉप, म्हणजे प्रकाश एकअष्टमांश होतो, आणि मंडपातल्या अंधूक उजेडात जिथे १/६० सेकंद पुरत होता तिथे सुमारे १/८ सेकंद लागतो, जो हातात धरलेल्या कॅमेऱ्याला सहसा झेपत नाही. म्हणून तिपाई हवी. छिद्र एफ/२२ पर्यंत मिटवत जाणेही हिताचे नाही, कारण फार अरुंद छिद्राच्या कडेवर प्रकाश पसरतो आणि सारेच चित्र किंचित मऊ पडते.

भिंग जितके रुंद दृश्य टिपणारे, तितकी खोली सहज मिळते. संत जनाबाईंच्या गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर २४ मिलिमीटरचे भिंग एफ/११ वर ठेवून पावणेदोन मीटरवर फोकस केला, तर पायाजवळच्या पायरीपासून पैलतीरापर्यंत सारे स्पष्ट येते.

मोबाइलमध्ये बहुधा छिद्र कायमचे एकाच मापाचे असते आणि सेन्सर इतका लहान असतो की खोली आपोआपच मोठी मिळते; ‘पोर्ट्रेट मोड’मधील धूसरपणा मुख्यतः गणिताने घडवलेला असतो. पण अगदी जवळून मोबाइललाही मर्यादा पडते. कपाशीचे रोगट पान तज्ज्ञाला दाखवण्यासाठी टिपायचे असेल, तर पान तिरपे न ठेवता मोबाइलला समांतर सपाट धरावे, म्हणजे सारे पान एकाच अंतरावर येऊन प्रत्येक ठिपका स्पष्ट दिसतो. पोर्ट्रेट मोड अशा वेळी बंदच ठेवावा.

अ‍ॅपर्चर बदलता येणारा कॅमेरा ज्याच्या हाती असेल, त्याने कॅमेरा ‘ए’ किंवा ‘एव्ही’ या खुणेवर ठेवून, एकाच जागेवरून, एकाच कणसाची तीन चित्रे एफ/२.८, एफ/८ आणि एफ/१६ वर घ्यावीत आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.