घरगुती साबण, मेणबत्त्या आणि वनस्पतींची सुगंधी तेले

आपल्या वस्तीतील अनेक भगिनी आज घरच्या घरी साबण, मेणबत्त्या, उटणे व अंगाला लावायची तेले तयार करू लागल्या आहेत. फावला वेळ सत्कारणी लागतो व चार पैसेही हाती येतात. मात्र या वस्तूंना सुवास कशाचा द्यावा, किती द्यावा आणि केव्हा द्यावा, याविषयी बरेच गैरसमज आढळतात. ते आमच्याही मनात होते व त्यांची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

साबणाचा आमचा पहिलाच घाणा लवंगेच्या तेलाचा होता. वर्गणीतून दोन किलो खोबरेल आणले होते. कॉस्टिक सोड्याचे पाणी तेलात घालून घोटले, मिश्रण दाट होत आले, तेव्हा त्यात लवंगेचे तेल ओतले. अर्ध्या मिनिटात सारे मिश्रण दगडासारखे झाले. पळी उभीच्या उभी रुतून बसली, साच्यात ओतायला काही उरलेच नाही. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा घटक कॉस्टिक सोड्याशी झपाट्याने संयोग पावतो, हे आम्हांला मागाहून कळले. तो तोटा पैशांचा होता, भरून निघाला. पण त्याच बाटलीतील तेल एका भगिनीने, काही न मिसळता, मानेला लावले. "झाडाचेच आहे, काही होत नाही," असे सांगणाऱ्या आम्हीच होतो. दुसऱ्या दिवशी तिची मान लाल झाली, पुरळ उठले आणि काळा डाग कित्येक महिने राहिला.

वनस्पतीचे ते निरुपद्रवी, ही समजूत आपल्यात इतकी रुजली कशी, याचे नवल वाटते. बिब्बा ही वनस्पतीच आहे, आणि त्याचे तेल कातडीला लागले की फोड येतात हे आपल्या आजीलाही ठाऊक होते! शिवाय ऊर्ध्वपातन करून, म्हणजे पाल्यातून वाफ सोडून व ती वाफ थंड करून काढलेले तेल हा फार तीव्र अर्क असतो. गवती चहाच्या १०० किलो ओल्या पात्यांतून अर्धा किलोच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी तेल निघते. तेव्हा चहात टाकलेली दोन पाती आणि अंगावर चोळलेले दोन थेंब यांची तुलनाच होऊ शकत नाही.

बाजारात 'हर्बल' म्हणून मिळणाऱ्या तेलांविषयीही सांगितले पाहिजे. ही तेले दोन जातींची असतात. एक, खरोखर वनस्पतीतून काढलेले. गवती चहा, निलगिरी, वाळा, रोशा ही त्यांतली. रोशा गवत तर आपल्या खानदेशात सातपुड्याच्या उतारावर आपोआप उगवते, व पूर्वी तेथे भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. दुसरे, कारखान्यात रसायने एकत्र करून बनविलेले सुगंधी तेल. गुलाबाच्या एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात. मोगऱ्याचा वास तर वाफेने नीट उतरतच नाही, तो द्रावकाने काढावा लागतो. मग शंभर रुपयांच्या बाटलीत खरा गुलाब किंवा खरे चंदन कोठून येणार? विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवला आणि तेलकट डाग कायम राहिला, तर त्यात साधे खाद्यतेल मिसळले आहे असे समजावे. परंतु बनावट सुवास या परीक्षेत सापडत नाही, कारण तोही उडून जातो.

बनविलेले सुगंधी तेल वाईटच, असे मात्र आमचे म्हणणे नाही. साबणासाठी किंवा मेणबत्तीसाठी म्हणून तयार केलेले चांगले तेल पुष्कळदा अधिक टिकते. आमचा आक्षेप आहे तो त्यावर छापलेल्या पानाफुलांच्या चित्राला.

आता साबणाकडे वळू. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण होण्यास साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. आम्ही १५५ ग्रॅमच घेतो, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते व नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा फार कोरडी करीत नाही. सोडा ३१० ग्रॅम पाण्यात हळूहळू सोडावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे चालत नाही. हातमोजे व चष्मा हवाच, मुले जवळ नकोत. वजन काट्यावरच करावे, वाटीच्या अंदाजाने नव्हे. सुगंधी तेल अगदी शेवटी, मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले की घालावे. एवढ्या साबणाला गवती चहाचे १५ ते २० ग्रॅम तेल पुरते. त्याचा वास साबणात टिकतो. लिंबा-संत्र्याचा मात्र लवकर उडून जातो. व्हॅनिलाच्या वासाचा साबण तपकिरी पडतो, त्याला घाबरू नये. वड्या कापून चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू द्याव्यात.

मेणबत्तीचा सुवास ज्योतीतून येतो असे वाटते, पण तसे नाही. ज्योतीत तेल जळूनच जाते. वातीभोवती वितळलेल्या मेणाचे जे लहानसे तळे साचते, त्यातून वास दरवळतो. म्हणून वात फार बारीक असली तर कितीही तेल घाला, खोलीत वास येत नाही. मेण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, विस्तवावरून उतरवावे, जरा निवू द्यावे आणि मगच तेल घालावे. १०० ग्रॅम मेणाला ४-५ ग्रॅमपेक्षा अधिक नको. जादा तेल मेणाला घामासारखे सुटते व वात तडतडते. स्पिरिटमधील अत्तर मेणात कधीही घालू नये, भडका उडतो. शोभेसाठी लावलेल्या वाळक्या पाकळ्याही पेट घेतात. मेण पेटलेच तर पाणी न ओतता झाकण ठेवावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर बिनवासाचीच मेणबत्ती बरी.

त्वचेच्या बाबतीत सर्वांत कमी प्रमाण हेच योग्य प्रमाण. १०० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात १ मिली, म्हणजे सुमारे २० थेंब, ही कमाल समजावी. गवती चहाचे तेल त्याच्याही निम्म्यानेच घ्यावे. लवंग व दालचिनी आम्ही अंगाच्या तेलातून पूर्ण काढून टाकली आहे. लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास काळे चट्टे पडतात. तान्ह्या बाळाच्या नाकाशी वा चेहऱ्यावर निलगिरी किंवा कापूर लावू नये. ही तेले पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात, तेव्हा बाटल्या कुलपात ठेवाव्यात. नवे तेल प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी. घरच्या कोरफडीच्या गरात ते मिसळल्याने गर टिकतो, असेही कोणी समजू नये. तो चार दिवसांत नासतोच.

शेवटी विक्रीविषयी. अंगाचा साबण व त्वचेची तेले १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, व २०२० च्या नियमांनुसार ती विकण्यासाठी तयार करावयाची तर परवाना घ्यावा लागतो. त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करावी. आमच्याकडे तो अद्याप नाही. त्यामुळे साबण आम्ही घरच्यापुरताच करतो आणि प्रदर्शनात मेणबत्त्या तेवढ्या मांडतो. प्रत्येकीच्या तळाशी कोणते तेल, किती ग्रॅम, हे चिठ्ठीवर लिहिलेले असते.