लेखांक 6 : सपाट पृष्ठांचे आकार आणि भिंतीचे बळ

मागील लेखांकात बहुभुजाकृतींचा विचार झाला. अशा आकृती कडेला कड जुळवून मांडल्या आणि आतील जागा सर्व बाजूंनी बंदिस्त केली, की जो त्रिमितीय आकार तयार होतो त्यास बहुफलक म्हणतात. त्याच्या प्रत्येक सपाट बाजूला पृष्ठ, दोन पृष्ठे ज्या रेषाखंडावर मिळतात त्याला कड आणि किमान तीन कडा जेथे एकत्र येतात त्या बिंदूला शिरोबिंदू अशी नावे आहेत. वृत्तचिती, शंकू आणि गोल यांचा पृष्ठभाग कोठे ना कोठे वक्र असल्याने ते बहुफलकांत मोडत नाहीत.

बहुफलकांपैकी सर्वांत परिचित आकाराचे नावच विटेवरून आलेले आहे, तो म्हणजे इष्टिकाचिती. भारतीय मानकानुसार वीट 19 सेंमी लांब, 9 सेंमी रुंद व 9 सेंमी उंच असते. माथ्यावरची खाच बाजूला ठेवली तर तिची चार पृष्ठे आयताकृती आणि टोकांची दोन चौरसाकृती ठरतात. ही मापे विचारपूर्वक निवडलेली आहेत, कारण सांध्यातील 1 सेंमी मसाला धरला की तीच मापे 20, 10 व 10 होतात आणि आडव्या लावलेल्या दोन विटांची रुंदी एका उभ्या विटेच्या लांबीशी नेमकी जुळते. दोन समान व समांतर बहुभुज आयतांनी जोडले की चिती होते, तर एका बहुभुजाच्या सर्व बाजूंपासून निघालेले त्रिकोण एकाच बिंदूत मिळाले की सूची होते.

विटेला 6 पृष्ठे, 8 शिरोबिंदू व 12 कडा असतात. पृष्ठे व शिरोबिंदू यांची बेरीज कडांच्या संख्येपेक्षा 2 ने अधिक येते, हा संबंध लिओनार्ड ऑयलर यांनी 1750 मध्ये गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात मांडला. विटेचा एक कोपरा सरळ छाटला तर एक शिरोबिंदू जाऊन तीन नवे येतात, एका त्रिकोणी पृष्ठाची भर पडते आणि कडा 15 होतात; 7 आणि 10 मिळून 17, म्हणजे फरक पुन्हा 2 च. आरपार भोक असलेल्या आकाराला मात्र हा नियम लागू पडत नाही.

सपाट पृष्ठाचा खरा उपयोग दोन आकार एकमेकांवर ठेवले म्हणजे उमगतो. दोन सपाट पृष्ठे पूर्ण क्षेत्रभर टेकतात आणि भार पसरतो. गोलसर धोंडे मोजक्याच बिंदूंवर टेकतात व धक्क्याने घरंगळतात. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला, तेव्हा लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावांत मातीत रचलेल्या धोंड्यांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. कारण एकच नव्हते: मातीचा मसाला दुबळा होता, छत जड होते, आणि भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन थर एकमेकांत गुंतलेले नव्हते. तरीही धोंड्यांना न घडवता वापरणे हा त्या दुबळेपणाचा मोठा भाग होता, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

याच भागातील काळा बेसाल्ट घडवला तर कसा वागतो, हे नांदेड जिल्ह्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिरात दिसते, कारण तेथील बांधकाम घडीव चिऱ्यांचे आहे. चिरा घडवताना पाथरवट छन्नीने आधी एक पृष्ठ सपाट करतो, त्यावर सरळ पट्टी टेकवून खाली उजेड दिसतो का ते पाहतो आणि मग गुण्या लावून शेजारचे पृष्ठ काटकोनात आणतो. हे पहिले पृष्ठ चुकले तर बाकीची पाचही तिरपी होतात, म्हणून सर्वाधिक वेळ त्यालाच दिला जातो.

भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या जुन्या भिंतींना बळकटी देताना ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळईसह काँक्रीट भरण्याची पद्धत वापरली गेली. नव्या दगडी बांधकामात दोन थर जोडण्याचे हेच काम भिंतीच्या जाडीइतका लांब दगड करतो. त्या लांबट इष्टिकाचितीचे एक टोक घराच्या आत आणि दुसरे बाहेरच्या अंगाला दिसते, आणि दोन्ही थर तिच्यामुळे एकत्र हलतात.