नशेतला होकार

औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बँकेत होतो तेव्हा झिंगून आलेल्या खातेदाराला आम्ही सांगत असू, "उद्या या, मग सही करा." १८७२ च्या करार कायद्यानुसार नशेत भान हरपलेल्याचा करार टिकत नाही.

बलात्काराच्या व्याख्येत हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आले ते १९८३ साली. देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे कायदा बदलला. नशेमुळे जिला काही उमजत नाही, तिचा होकार होकारच नव्हे. भारतीय न्याय संहितेतही हे कायम आहे.

"दोघेही प्यालेले, मग दोष त्याचाच का?" सुशिक्षित घरांतही विचारतात. कारण स्वखुशीने प्यालेल्याला गुन्ह्यात नशेची सबब चालत नाही. मुलींना आपण "जपून राहा" सांगतो. मुलांना हे कधी सांगणार?