रक्ताच्या थेंबाचा प्रवास : आफ्रिकेतील ड्रोनचा वाद

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागात मलावी नावाचा एक छोटा, शेतीवर जगणारा देश आहे. तेथे २०१४ या एका वर्षात सुमारे ४०,००० बालके एच.आय.व्ही. बाधित मातांच्या पोटी जन्मली. अशा प्रत्येक बालकाला मातेकडून विषाणू मिळतोच असे नाही. पण मिळाला की नाही, हे लवकर कळावे लागते. कारण औषधोपचार न झालेल्या बाधित बालकांपैकी जवळजवळ निम्मी वयाची दोन वर्षेही पूर्ण करीत नाहीत.

विद्यार्थी मित्रांना प्रश्न पडेल की, यात अडचण कसली? मोठ्या माणसांची तपासणी तर काही मिनिटांत होते. पण ती तपासणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेले घटक. मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे निरोगी बाळही बाधित ठरू शकते. म्हणून बाळाच्या बाबतीत प्रत्यक्ष विषाणूच शोधावा लागतो आणि त्याचे यंत्र बहुधा मोठ्या प्रयोगशाळेतच असते. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात, वाळवतात आणि पाकिटात घालून पाठवितात. या पाकिटाला ना बर्फ लागतो, ना त्याचे वजन असते. तरीही मलावीत ते आरोग्य केंद्रातून प्रयोगशाळेत पोहोचायला सरासरी ११ दिवस लागत, आणि निकाल परत यायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ जाई.

मार्च २०१६ मध्ये मलावी शासन व युनिसेफ यांनी राजधानी लिलाँग्वे येथे यावर एक प्रयोग केला. एका आरोग्य केंद्रातून दहा किलोमीटरवरील कामुझू सेंट्रल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेपर्यंत ड्रोन, म्हणजे वैमानिक नसलेले छोटे विमान, उडविण्यात आले. त्या चाचणीत खरे नमुने नव्हते, नमुन्यांसारखी पाकिटे होती. पण तेवढ्यावर वादाला तोंड फुटले.

समर्थकांचे म्हणणे असे की, रस्ते खराब, डिझेल महाग, गाडीच्या फेऱ्या मोजक्या. आकाशात मात्र खड्डे नसतात. विरोधकांनी विचारले, त्याच पैशात मोटारसायकली का घेऊ नयेत? लेसोथो या डोंगराळ देशात ‘रायडर्स फॉर हेल्थ’ या संस्थेचे मोटारसायकलस्वार नमुने नेण्याचे काम करीत आले होते. स्वार एका फेरीत अनेक केंद्रांचे नमुने गोळा करतो आणि येताना निकालाचे कागदही आणतो. याशिवाय ड्रोन म्हटले की युद्ध आणि हेरगिरी आठवते. म्हणून आधी गावकऱ्यांना ते यंत्र दाखवून समजावून सांगावे लागले, आणि ते योग्यच झाले.

माझ्या मते या वादातील कळीचा प्रश्न वेगळा आहे. ते ११ दिवस जात कोठे? मलावीतले कोणतेही आरोग्य केंद्र प्रयोगशाळेपासून अकरा दिवसांच्या वाटेवर नाही. बँकेत काम करणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. पूर्वी परगावच्या धनादेशाचे पैसे जमा व्हायला दोन-तीन आठवडे लागत आणि ग्राहक टपालखात्याला दोष देत. वास्तविक धनादेश गाडीत एखादी रात्रच असे. उरलेले दिवस तो कोणाच्या तरी टेबलावर गठ्ठा पुरा होण्याची वाट पाहत पडून असे. नमुन्यांचेही तसेच होते. ते केंद्रात गाडीची वाट पाहतात, प्रयोगशाळेत यंत्राची, आणि निकाल तयार झाल्यावर तो नेणाऱ्याची. ड्रोन यातला फक्त रस्ता कमी करतो.

जेथे रस्ताच नाही तेथे अर्थात हे पुष्कळ आहे. मादागास्करमध्ये २०१६ साली रानोमाफानाच्या जंगलालगतच्या गावांतून रक्ताचे व विष्ठेचे नमुने ड्रोनने संशोधन केंद्रात आणले गेले. ते यंत्र सरळ वर उडून सरळ खाली उतरणारे होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०१६ पासून रवांडात गाजलेली ‘झिपलाइन’ कंपनीची विमाने रुग्णालयात उतरतच नसत. वरून पॅराशूटने खोके टाकून माघारी जात. रक्ताच्या पिशव्या पोहोचविण्यास ही रीत उत्तम ठरली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तेथे मुदत संपून वाया जाणारे रक्त ६७ टक्क्यांनी घटले. पण जे विमान दारात उतरत नाही, ते दारातून नमुना उचलणार कसे? आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप गावी ड्रोनने लस पोहोचविली, तीही नेऊन देण्याचीच गोष्ट होती. देणे आणि आणणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि वादात दोन्ही बाजू ती एकत्र करतात.

घानात हा वाद थेट संसदेत गेला. डिसेंबर २०१८ मध्ये झिपलाइनशी करार १०२ विरुद्ध ५८ मतांनी मंजूर झाला. तेथील डॉक्टरांच्या संघटनेने तो थांबविण्याची मागणी केली होती. देशभरात चालू स्थितीतल्या रुग्णवाहिका जेमतेम ५५ असताना विमाने कशाला, असा टीकाकारांचा सवाल होता, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. जानेवारी २०२० मध्ये शासनाने ३०७ नव्या रुग्णवाहिका रस्त्यावर आणल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये करोनाची साथ असताना याच विमानांनी ग्रामीण भागातील तपासणीचे नमुने आक्रा व कुमासी येथील प्रयोगशाळांकडे नेले. मात्र खेड्यांतील आरोग्य केंद्रांपासून ओमेनाकोच्या ड्रोन-तळापर्यंत ते नमुने रस्त्यानेच आले होते.

तिसरा मार्ग मोझांबिकने दाखविला. तेथे थेंब यंत्राकडे पाठविण्याऐवजी लहान यंत्रच आरोग्य केंद्रात ठेवण्यात आले, म्हणजे आई बाळासह तेथे असतानाच निकाल हाती येई. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा केंद्रांतील बाधित बालकांपैकी सुमारे ९० टक्क्यांना ६० दिवसांच्या आत औषध सुरू झाले. नमुने दूरच्या प्रयोगशाळेत पाठविणाऱ्या केंद्रांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते.