जुना संगणक : अडतोय कुठे, ते आधी बघा
(लेखमाला : भाग ४)

शाहूपुरीतल्या एका छोट्या डीटीपी सेंटरमध्ये गेल्या आठवड्यात बसलो होतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, तरुण मंडळांचे अहवाल असं तिथलं काम. संगणक २०१३ सालचा : तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मालक म्हणाले, "सर, सकाळी बटण दाबायचं, खाली जाऊन चहा घेऊन यायचं, तरी ह्यो अजून फिरतोयच बघा. दुकानात विचारलं, तर म्हणाले नवाच घ्या."

नवा घ्यायला हरकत नव्हती, पण पैसे नव्हते. लग्नसराई संपलेली, मुलीची कॉलेजची फी भरायची होती. शिवाय नव्याची गरजही नव्हती. संगणक सुरू झाल्यावर मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १२-१५ टक्क्यांवर निवांत होता आणि डिस्कचा आकडा १०० वर चिकटून बसला होता. पाच मिनिटं झाली तरी तो खाली येईना. रोग प्रोसेसरला नव्हताच.

हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. हवी ती माहिती वाचायला एक बारीक दांडी त्या जागेवर सरकते आणि ती जागा फिरत खाली येण्याची वाट बघते. या सरकण्या-थांबण्यात दर खेपेला १२-१३ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला ७५-८० खेपा. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक तुकडे डिस्कभर विखुरलेल्या जागांवरून उचलायचे असतात. प्रोसेसर कितीही दमदार घाला, तो या दांडीच्या वाटेकडेच डोळे लावून बसणार. एसएसडीमध्ये तबकडी नाही, दांडी नाही. खेपेला साधारण एक दशांश मिलिसेकंद लागतो. फरक इथे पडतो, म्हणून जुन्या संगणकावरचा पहिला रुपया एसएसडीवर खर्च करा, असं मी आग्रहाने सांगतो.

"जुन्या बोर्डावर एसएसडी चालत नाही" असं दुकानात कुणी सांगितलं तर ऐकू नका. एच-६१ वर साटाची जुनी, ३ गिगाबिटची जोडणी आहे. नवीन साटा एसएसडी तिच्यावर निमूट चालते. पूर्ण वेग मिळत नाही हे खरं, तरी सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास मिळतात आणि जुनी डिस्क शंभर-सव्वाशेवर दमते. मागताना मात्र 'अडीच इंची साटा' असं स्पष्ट सांगा. एनव्हीएमई नावाची पट्टीसारखी एसएसडी स्वस्त दिसली म्हणून उचलाल, तर या बोर्डावर ती लावायला जागाच नाही. २४० किंवा २५६ जीबी पुरते. विंडोज आणि सॉफ्टवेअर तिच्यावर, बाकीचा पसारा जुन्या डिस्कवर. किमती आठवड्याला हलतात, म्हणून आकडा छापत नाही. राजारामपुरी, शाहूपुरीत दोन-तीन दुकानं फिरा आणि वॉरंटीचं बिल घ्या.

दुसरा खर्च रॅमचा. ४ जीबीवर ब्राउझरमधली चार पानं उघडली की संपलं. या बोर्डाला डीडीआर-३ लागते. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. सेकंडहँड ४ जीबीची एक पट्टी मिळाली तरी काम भागतं. दोन पट्ट्या सारख्या असल्या तर आणखी बरं, कारण दोन्हींतून एकदम माहिती वाहते. प्रोसेसर बदलण्याच्या फंदात या वयाच्या संगणकावर पडू नये, असं माझं मत आहे.

कॅबिनेट उघडलं तेव्हा पंख्याच्या पात्यांवर काळपट धूळ जमली होती. उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडिंगच्या शेजारी ज्यांचं ऑफिस आहे, त्यांनी हे जास्त मनावर घ्यावं : त्या धुळीत लोखंडाचा कीस असतो आणि लोखंडातून वीज वाहते. वायर काढून ब्लोअर मारा, मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये दाब शिल्लक असतो. तारीख सारखी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल बदला. तारीख चुकली की बँकेच्या वेबसाइटसुद्धा उघडत नाहीत, आणि लोक उगाच इंटरनेटवाल्याशी भांडतात.

एक अडचण पैशाने सुटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री त्यात अधिकृतपणे बसत नाही. घरी मुलांचा अभ्यास, मेल, युनिकोड मराठी टायपिंग एवढंच असेल, तर लिनक्स मिंट टाका. ते फुकट आहे आणि अशा संगणकावर सुरेख चालतं. पण डीटीपीवाल्यांचं तसं नाही. त्यांचं पोट २००१ साली आलेल्या पेजमेकर ७ वर आणि श्रीलिपीच्या फाँटांवर चालतं, वीस वर्षांच्या फायली त्यातच आहेत. त्यांना मी सांगतो, हे यंत्र इंटरनेटपासून तोडा. मेल, व्हॉट्सअ‍ॅप मोबाइलवर बघा, आणि फाइल तपासलेल्या पेनड्राइव्हनेच आत न्या.

शाहूपुरीतल्या त्या संगणकाला एसएसडी आणि ४ जीबीची पट्टी बसवली. आता तो अर्ध्या मिनिटात कामाला लागतो. मालकांनी फोन करून सांगितलं, "सर, चहा आता टेबलावरच मागवतोय."

पुढच्या भागात जुन्या डिस्कवरचं विंडोज एसएसडीवर जसंच्या तसं कसं न्यायचं, ते पायरीपायरीने पाहू. तोवर एक काम नक्की करा. घरचे फोटो, हिशेब, पत्रिकांच्या फायली एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा जमिनीवर ठेवलेले कॅबिनेट आधी बुडाले. कॉपी हातात आल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर उचलू नका.